चढ

सातपूरच्या आमच्या शाळेत टॅब आले सतरा,
दहावी 'ब'मध्ये मुलं एकावन्न.
एका टॅबला तीन. भागाकार तरी निःशेष गेला,
असं मी हजेरीपुस्तकाच्या मागे लिहून ठेवलं.

प्रशिक्षण दीड दिवसाचं, चहा-वड्यासकट.
साहेब म्हणाले, आता खडूची गरज नाही.
मी पर्समधला खडू चाचपून पाहिला.
बावीस वर्षं हाताने वर्तुळ काढते आहे
कंपासशिवाय, एका दमात,
आणि मुलं दर वर्षी एकदा तरी "अरे!" म्हणतात.
ते "अरे" टॅबमधून कसं काढायचं,
एवढाच माझा प्रश्न होता.
विचारला नाही.

पहिला आठवडा पासवर्डात गेला.
दुसऱ्यात खैरनारने आलेखावर मिशा काढल्या,
दोन परवलयांच्या, बऱ्यापैकी सममित.
मी रागावले,
आणि घरी जाऊन, कुकरच्या शिट्ट्या मोजत,
त्या मिशांची समीकरणं मांडली.

मग आला चढ.
स्क्रीनवर निळी रेषा, खाली एक घुंडी.
घुंडी उजवीकडे नेली की रेषा उठते,
डावीकडे नेली की मान टाकते.
फळ्यावर माझ्या पाच रेषा होईतो तास संपायचा,
इथे पोरं मिनिटात शंभर उभ्या-आडव्या करत होती.
छे, उभी नव्हती त्यांत एकही.
हे मला दिसलं नाही.
तेजल बेंडकुळेला दिसलं,
जी जूनपासून माझ्याशी "हजर" एवढंच बोलली होती.

"मॅडम, ही पूर्ण उभी का राहत नाही?"
वाढव अजून, म्हटलं.
"शंभर केला. हजार केला. आता दहा हजार."
दिसायला ताठ,
पण वर वर सरकवत नेली
की अक्षापासून सुटलेली, बोटभर.

उभ्या रेषेचा चढ काढता येत नाही.
लाल पेनाने अधोरेखित करा, एक मार्काला येतं.
असं मी बावीस वर्षं सांगत आले,
सिन्नरला शाळेत होते तेव्हा मीही अधोरेखित केलेलं.
काढायला गेलं तर काय होतं,
हे त्या लाल रेघेखाली कोणी पाहिलंच नव्हतं.

टॅब हँग झाला, असं अरमान पिंजारीचं मत.
त्याचे अब्बू अंबडला मशीनवर असतात,
तिथे नव्वद अंश रोज मिळतो म्हणे, बटण दाबून.
मग इथे का नाही?
तीन डोकी एका काचेवर, मग सहा, मग सगळा कोपरा.
मी पांडवलेणीच्या पायऱ्या काढल्या, खडूनेच.
पुढे एक पाऊल, वर दोन.
पुढे अर्धं, वर दोन.
पुढे पाव.
पुढे काहीच नाही, वर दोन. आता?

"आता ती पायरीच नाही," तेजल म्हणाली,
"भिंत आहे."
आणि जरा थांबून, "दोनाला शून्याने भागायचंय ना, मॅडम?"

"अरे" म्हणालं कोणीतरी.
बहुतेक मीच.

नंतर आम्ही एक्स बरोबर तीन असं टाकलं.
रेषा खटकन उभी राहिली,
फक्त तिच्याखाली सरकवायला घुंडी नव्हती.
तेजलने तिथे बोट फिरवून पाहिलं दोनदा,
काच पुसल्यासारखं.

पाच वाजता टॅब चार्जिंगला लावायचे असतात.
स्टाफरूममध्ये प्लग चार, टॅब सतरा.
हा भागाकार निःशेष जात नाही, एक उरतो.
तो मी पिशवीत टाकून घरी नेते,
तसं रजिस्टरला लिहूनही ठेवते.
काल रात्री जेवण झाल्यावर
नऊ-नऊ-नऊ टाकत बसले, चौकटीत मावतील तेवढे.

वर सरकवत नेली.
अजून कललेली आहे.